खालचा थर मी मोजला नाही

देवास नाक्याजवळच्या विजेच्या खांबावर कागद चिकटवलेला होता : ड्रायव्हर चाहिए, नाइट ड्यूटी, नए भी चलेंगे. मला त्यातला 'नए भी चलेंगे' फार आवडला. गाडी लाखांची, माल लाखांचा, आणि तरी ह्यांना नवा माणूस चालतो कसा, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. आता खांबावर असा कागद दिसला की मी आधी तेवढेच शब्द शोधतो.

मी बारा वर्षं शाळेची व्हॅन चालवली. शाळेनं स्वतःच्या बसेस घेतल्या आणि माझं काम गेलं. ट्रकचा अनुभव शून्य, पण स्टिअरिंगची भीती नव्हती. डिसेंबर २०२४ मध्ये एका ट्रान्सपोर्ट कंत्राटदाराकडे रात्रपाळीला लागलो. चौदा फुटी गाडी, माल सोयाबीन तेलाचे पंधरा किलोचे डबे. इंदूर शहरात दिवसा मोठ्या गाड्यांना नो-एंट्री, म्हणून भरणं सगळं रात्री. पावणेबाराला गोदामात गाडी लावायची, दोन-अडीचला भरून निघायचं, मग देवास, मक्सी, शाजापूर आणि शेवटी सारंगपूर. एबी म्हणजे आग्रा-मुंबई रोडनं साधारण सव्वाशे-दीडशे किलोमीटर. सकाळी आठ-नऊला मोकळं व्हायचं.

कंत्राटदार गोड माणूस. मी आडनाव सांगितल्याबरोबर मोडक्या मराठीत म्हणाला, "तुमी मराठी लोक एकदम सरळ असता. मला असाच माणूस पायजे." इंदुरात मराठी माणसाला गुंडाळायचं असेल तर हे वाक्य पुरतं, हा माझा अनुभव. सरळपणाचं सर्टिफिकेट मिळालं की पुढे आपण वाकडा प्रश्न विचारत नाही.

मग एकेक मागण्या निघाल्या. डिपॉझिट पंचवीस हजार, रोख. मूळ लायसन्स ऑफिसात जमा, 'व्हेरिफिकेशन'साठी. शंभराच्या स्टँप पेपरवर हमीपत्र, त्यात रकमेची जागा कोरी. पगार बोलणं झालं होतं सोळा हजार, पण लायसन्स हातात घेतल्यावर त्यानं जीभ चावली. "अरे, हे तर एलएमव्ही आहे, हलक्या गाड्यांचं. ट्रान्सपोर्टचा शिक्का नाही. पकडलं तर भरायचं कोणी? चल, तुझ्यासाठी रिस्क घेतो, पण चौदा देईन." मी वर आभार मानले.

ही पहिली थाप. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, ६ नोव्हेंबर २०२४ ला, सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगून टाकलं होतं की एकूण वजन साडेसात टनांच्या आत असलेली माल वाहतुकीची गाडी चालवायला एलएमव्ही लायसन्स पुरतं, वेगळा शिक्का लागत नाही. माझ्या गाडीच्या आरसीवर आकडा होता ७,४९० किलो. आरसी रोज माझ्याच केबिनमध्ये, माझ्या डोक्यावरच्या कप्प्यात. मी ती उघडून वाचली नाही. दोन महिन्यांचे चार हजार तिथे गेले.

पंचवीस हजार आणले कुठून, ते सांगायला जड जातं. बाबा मिल कामगार. मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांच्या देण्यांचा निकाल लागून पैसे हातात यायला बत्तीस वर्षं गेली. बाबांनी एवढी वर्षं गेट पास, पगाराच्या चिठ्ठ्या, युनियनच्या पावत्या एका पत्र्याच्या ट्रंकेत, डांबराच्या गोळ्या टाकून जपल्या. त्या कागदांवर आलेल्या पैशांतले पंचवीस हजार त्यांनी मला काढून दिले. घरी आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "पावती?" मी म्हटलं, "अहो बाबा, माणूस ओळखीचा वाटतो." ते काही बोलले नाहीत. बाजूची वही ओढून पेन्सिलीनं लिहिलं : दिले २५,०००, पावती नाही.

आता गोदामातलं. हे जरा सविस्तर सांगतो, कारण खरी मेख इथे आहे.

चौदा फुटी हौद्यात डबे आठ आडवे, पंधरा लांबीत, असा एक थर बसतो : १२०. त्याच्यावर फळ्या टाकायच्या आणि फळ्यांवर दुसरा थर. झाले २४०. भरणं केबिनच्या बाजूनं सुरू होऊन फाळक्याकडे, म्हणजे मागच्या दाराकडे येतं. भरून झालं की ड्रायव्हरला बोलावतात. तो फाळक्याकडून बघतो : आडवे आठ, थर दोन, कडेनं लांबी पंधरा. बिल्टीवर, म्हणजे मालाबरोबरच्या वाहतूक पावतीवर २४०, बिलावर २४०, ई-वे बिलावरही २४०. तीन-तीन कागदांवर छापलेला आकडा खोटा कसा असेल? मी सही ठोकायचो.

पहिल्याच आठवड्यात मी थर लागत असताना हौद्याजवळ उभं राहून मोजायला लागलो होतो. सुपरवायझर लांबूनच ओरडला, "क्या भिया, चोर समझ रखा है क्या हमको?" हमाल हसले. मी ओशाळलो आणि चहाच्या टपरीकडे निघून गेलो. त्यानंतर भरताना तिथे थांबलोच नाही. मालव्याच्या रात्रींचं फार कौतुक आहे. ते करणारे पौषात त्या गोदामाच्या फरशीवर उभे राहिले नसावेत, हातपाय आखडून जातात. टपरीवर शेकोटी असायची. खरं सांगायचं तर थंडी हे निमित्त होतं, मला मोजायची लाज वाटत होती.

मग सारंगपूरला डबे कमी भरायला लागले. पहिल्यांदा दोन. पंधरा दिवसांनी तीन. दर खेपेला नाही, अधूनमधून. आणि दर वेळी शेवटच्या पार्टीकडेच. आधीच्या तिघांच्या सह्या-शिक्के व्यवस्थित, त्यांचा माल पुरा. म्हणजे माल वाटेत गेला, म्हणजे ड्रायव्हरनं विकला किंवा झोपला असताना कोणी काढला. पार्टी पीओडीवर, म्हणजे माल पोचल्याच्या पावतीवर 'दोन डबे कम' लिहायची आणि ऑफिसात माझ्या नावावर चढायचे. भाव डब्याला २,४००. त्याच तेलाच्या डब्याचा बिलावरचा भाव मी स्वतः पाहिला होता, तो कितीतरी कमी होता. विचारलं तर कंत्राटदार म्हणाला, "पार्टी नाराज होते त्याचं काय?"

पहिल्या महिन्यात पाच डबे, १२,०००. अर्धे पगारातून, अर्धे डिपॉझिटमधून, 'तुझी सोय बघून'. दुसऱ्या महिन्यात सहा डबे, १४,४००, तसेच अर्धे-अर्धे. चौदा हजारांच्या पगारातले हातात आले ६,८००. बायको म्हणाली, "तुम्ही रात्री झोपता का हो गाडीत?" तिनंही असं विचारावं, ह्याचा राग आला. पण सारंगपूरचा व्यापारी माझ्याकडे तसंच बघत होता आणि एका पहाटे मीही स्वतःला तेच विचारलं. शाजापूरच्या अलीकडे दहा मिनिटं डोळा लागला होता तेव्हा कुलूप नीट होतं ना? रात्रपाळीच्या नव्या माणसाला स्वतःच्याच आठवणीची खात्री नसते, आणि ह्या लोकांना ते पक्कं ठाऊक असतं.

डोळे उघडले ते भुसावळकडच्या एका हमालामुळे. वयानं माझ्याहून मोठा, पण मला भाऊच म्हणायचा. तंबाखू मळता मळता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाऊ, वरचं काय बघता? फळीखाली बघा. तुमच्या आधीचा पोरगा पण दोनच महिने टिकला." एवढंच. पुन्हा कधी तो माझ्याशी बोलला नाही.

त्या रात्री काय करावं सुचेना. सह्या झाल्या, गाडी बाहेर काढली. मात्र ह्या तुटीचा घोर होताच, म्हणून गोदामात शिरायच्या आधी मी एक काम करून आलो होतो : रस्त्यावरच्या धर्मकाट्यावर रिकामी गाडी तोलून चिठ्ठी घेतली होती. ३,३८० किलो. आता भरलेली तोलली. मध्ये डिझेल टाकलं नाही, दोन्ही वेळा मी केबिनमध्येच बसलेलो. ७,१५० किलो. माल ३,७७० किलो. मक्सीच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर मी आधीच एक डबा तोलून ठेवला होता, पत्र्यासकट सोळा किलो. दोनशे चाळीस गुणिले सोळा, ३,८४०. सत्तर किलोचा फरक. तो काटा दहा-दहा किलोनं पुढे सरकतो. चार डब्यांचे चौसष्ट होतात. हिशेब बसला.

तिथूनच गाडी परत फिरवायला हवी होती. सील तसंच, दोन्ही चिठ्ठ्यांवर वेळ छापलेली, गोदाम दोन किलोमीटरवर. मी फिरवली नाही. मनात आलं की डोळ्यांनी बघतो आणि मग बोलतो. ह्या एका चुकीची किंमत पुढे कळली.

सारंगपूरला त्या दिवशी व्यापाऱ्याचे हमाल उशिरा येणार होते. मी स्वतःच वरचा थर सरकवला आणि केबिनला लागून असलेली फळी उचलली. खाली दोन बाय दोनचा चौकोनी खड्डा. चार डब्यांची जागा. हौद्याचा पत्रा तेलकट असतो, त्यावर गोदामातली धूळ बसते, आणि डबा ठेवला की त्याच्या कडेचा चौकोन उमटतो. आजूबाजूला सगळीकडे ते चौकोन होते. खड्ड्यात एकही नव्हता. धूळ जशीच्या तशी, मांजरानं पाय ठेवला असता तरी दिसला असता. त्या जागी डबा कधी ठेवलाच गेला नव्हता. चोरीला जायचा प्रश्नच नव्हता.

मी खाली उतरून पायरीवर बसलो. रडू आलं नाही, हसू आलं. काय डोकं आहे! खड्डा केबिनच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे तो उघडा पडणार शेवटच्या गावात. तोवर तीन सह्या झालेल्या, शंभरावर किलोमीटर झालेले, चार ठिकाणी थांबा झालेला. आणि गोदामात ड्रायव्हरची सही : २४० मोजून मिळाले.

फोटो काढले, चिठ्ठ्या घेतल्या आणि ऑफिसात जाऊन टेबलावर ठेवल्या. कंत्राटदारानं चिठ्ठ्या हातातही घेतल्या नाहीत. "काटा खराब असतो. आणि चार डबे तूच काढून फोटो काढला नाहीस कशावरून?" गाडी परत फिरवली असती तर हा प्रश्न त्याला विचारता आला नसता. मग ड्रॉवरमधून हमीपत्र निघालं. रकमेची जागा आता कोरी नव्हती.

तो स्वतः डबे विकत होता असं मला वाटत नाही. ते सुपरवायझरचं काम. पण ह्याला त्याची गरजच नव्हती, कारण तूट भरून द्यायला ड्रायव्हर होता, तीही चढ्या भावानं. दोन महिन्यांत डिपॉझिट संपतं, माणूस वैतागून जातो, खांबावर नवा कागद लागतो. जुना ड्रायव्हर फळी उचलून बघतो. म्हणून 'नए भी चलेंगे' नव्हे, नएच चलेंगे.

मी काम सोडलं तेव्हा बारा दिवसांचा पगार ५,६०० आणि उरलेलं डिपॉझिट ११,८०० त्यांच्याकडेच राहिलं. कापलेले २६,४०० आणि लायसन्सच्या थापेचे चार हजार धरून ४७,८००. लायसन्सही तिकडेच. ते अडकवून ठेवलं म्हणून मी आणखी घाबरलो होतो, पण डिजिलॉकरमधलं लायसन्स रस्त्यावर चालतं, त्यामुळे दुसरं काम धरता आलं. एका लोडिंग रिक्षावाल्याकडे दिवसपाळी मिळाली.

कामगार खात्याच्या कार्यालयात अर्ज दिला. मी तिथे कामाला होतो ह्याचाच पुरावा मागितला. नेमणुकीचा कागद नाही, ओळखपत्र नाही. दोन पगार मात्र कंत्राटदाराच्या भाच्याच्या नंबरावरून यूपीआयनं आले होते. तेवढेच दोन मेसेज माझी नोकरी! तिथल्या बाबूंनी एक गोष्ट सांगितली ती पदरात बांधून ठेवली : मालाच्या नुकसानीचे पैसे पगारातून कापायचे तर आधी कामगाराला त्याचं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. मला कोणी कधी विचारलंच नव्हतं.

नोटीस गेल्यावर दुसऱ्याच दिवशी भाचा लायसन्स घरी आणून देऊन गेला. चार महिन्यांनी बारा दिवसांचे ५,६०० मिळाले. डिपॉझिटचं विचारलं तर कंत्राटदार साहेबांसमोर शांतपणे म्हणाला, "कसलं डिपॉझिट?" साहेबांनी माझ्याकडे बघितलं. बाबा सोबत आले होते. त्यांनी पिशवीतून वही काढली, पान उघडलं, वाचलं आणि पुन्हा पिशवीत ठेवली.

आता कोणी ओळखीचा पोरगा ह्या लाइनीत जातो म्हणाला की मी त्याला सांगतो : लायसन्सची झेरॉक्स दे, मूळ देऊ नकोस. पैसे ऑनलाइन दे, कारण लिहून. कोऱ्या जागेवर आडवी रेघ मारल्याशिवाय सही करू नकोस. आणि वरची फळी पडायच्या आधी हौद्यात चढून खालच्या थराचा फोटो काढ, मग सुपरवायझर काय वाट्टेल ते बोलो. मोजू देत नसतील तर बिल्टीवर 'माल मोजून मिळाला नाही' एवढं लिही आणि मग सही कर. बहुतेक वेळा ते लिहायला लागलास की मोजायला परवानगी मिळते. रात्रीचा चहा गाडी भरून झाल्यावरही मिळतो.

मध्यंतरी देवास नाक्यावर त्याच खांबापाशी सिग्नलला थांबलो होतो. कागद होता. रिक्षा कडेला घेतली, पेन काढलं आणि खाली लिहिलं : नीचे वाली लाइन गिनकर साइन करना. आठवड्यानं गेलो तर कागद नवा लावलेला. माझी ओळ गेली होती, नंबर तोच.