नरसोबाच्या वाडीची नाव आणि मळीवरची मगर

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी आईला घेऊन कोल्हापुरातनं वाडीला गेलो, दर्शन झालं आणि घाटावर आलो तर पोरगी नावेत बसायचंच म्हणून अडून बसली. लहानपणापासून किती वेळा वाडीला आलोय पण नावेत बसायचं दरवेळी राहूनच जायचं, म्हटलं चला आज बसूया.

नाव साधीच, बसायला आडव्या फळ्या, मागं डिझेल इंजिन. लाईफ जॅकेट होती पण फळीखाली कोंबलेली, मी मागितली तेव्हा दिली, बाकी कुणी घातलीच नाहीत. हे मला अजिबात पटलं नाही. बारकी पोरं नावेत असताना जॅकेट घातल्याशिवाय नाव सोडायलाच नको.

पंचगंगा कृष्णेला मिळते तिथून थोडं पुढं गेलो आणि नावाडी मामांनी एकदम इंजिन बंद केलं. म्हणाले, "वहिनी, पोरीला मध्ये घ्या. हात पाण्यात नको. समोर मळीवर बघा." मळी म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन. तिथं मला आधी ओंडकाच वाटला, गाळानं माखलेला. मग दात दिसले. मगर! आठेक फूट तरी असेल, तोंड सताड उघडं, आतला पिवळट रंग दिसत होता, पाठीवरचा चिखल वाळून त्याला भेगा पडलेल्या आणि तिच्यापासनं चार हातांवर एक बगळा निवांत उभा.

आई म्हणाली, "अगंबाई, सुसर!" आमच्याकडं सगळे सुसरच म्हणतात पण सुसरीचं तोंड लांब आणि चिंचोळं असतं, ही रुंद तोंडाची मगर. मामा हळूच म्हणाले, "चिडलेली न्हाई ती, ऊन खातीया." खरंच आहे ते, थंडीत अंग तापवायला या काठावर येऊन पडतात आणि डोकं जास्त तापू नये म्हणून तोंड उघडं ठेवतात.

मामांनी नाव वल्ह्यानं लांबच धरून ठेवली, एक इंचही जवळ नेली नाही. मागनं दुसरी नाव आली, त्यातल्या एका पोरानं मगर हलावी म्हणून नारळाची करवंटी फेकली. लई राग आला. मामा त्याच्यावर असे ओरडले की तो गपगार झाला. पण तेवढ्यात मगर उठली, चार पायांवर दोन पावलं टाकली आणि पाण्यात उतरली, जराही आवाज नाही. नुसते डोळे आणि नाकपुड्या वर राहिल्या, मग त्याही गेल्या. एवढं मोठं जनावर पाच सेकंदात गायब! माझ्या पोरीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलेलं की बोटं उमटली होती.

पाचपैकी चार स्टार, एक जॅकेटसाठी कापलाय. चार पूर्ण मामांचे, कारण जवळ नेऊन फोटो काढायला लावले असते तर आम्ही खुळ्यासारखे काढलेही असते. थंडीत ऊन वर आल्यावर जा, भाडं आधी ठरवा, जॅकेट मागून घ्या, खायचं काही पाण्यात टाकू नका. येताना कवठाची बर्फी घ्यायला विसरू नका.

नाव घाटाला लागल्यावर मामांनी दोर बांधायच्या आधी खाली आंघोळ करणाऱ्यांना हाक मारली, "ओ पाहुणं, पायरी सोडू नका, मगर पाण्यात उतरलीया." सगळे भराभर वर आले.