प्रादेशिक एकात्मीकरणावर संशोधन: कायदा, राजकारण की अर्थशास्त्र?

शेजारी देश एकत्र येतात, करार करतात, आपसातली शुल्कं काढतात, सामाईक संस्था उभ्या करतात. या विषयावर धोरण-संशोधन करायचं ठरलं की पहिला पेच पडतो तो शाखेचा. बहुतेक जण आपल्या पदवीकडे बघून तो सोडवतात. माझ्या मते आधी प्रदेश निवडावा आणि मग शाखा, कारण युरोपात भरभरून देणारी पद्धत दुसरीकडे रिकाम्या हाताने परत पाठवू शकते.

कायद्यापासून सुरुवात करू, कारण हा फरक तिथेच सर्वांत ठळक दिसतो. युरोपीय आर्थिक समुदाय उभा करणाऱ्या १९५७ च्या रोम करारावर सह्या करणाऱ्या देशांनी तो आपसातला करार म्हणून केला होता. पुढे व्हॅन गेंड एन लोस या डच आयातदार कंपनीने तक्रार केली की पश्चिम जर्मनीतून आणलेल्या एका रसायनावरचं शुल्क ३ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर गेलं आहे. १९६३ मध्ये युरोपीय न्यायालयाने निवाडा दिला, की या करारातून खुद्द नागरिकांना आणि कंपन्यांना हक्क मिळतात आणि ते आपापल्या देशातल्या न्यायालयात मागता येतात. पुढच्याच वर्षी कोस्टा खटल्यात राष्ट्रीय कायद्यापेक्षा युरोपीय कायदा वरचढ ठरला. १९७९ मध्ये वाद गेला फ्रान्सच्या कॅसिस या मद्यावर. जर्मन नियमानुसार अशा फळांच्या मद्यात किमान २५ टक्के अल्कोहोल हवं होतं आणि कॅसिसमध्ये असायचं १५ ते २० टक्के. एका सदस्य देशात कायदेशीरपणे विकला जाणारा माल सबळ कारणाशिवाय दुसऱ्या देशाने अडवू नये, हे तत्त्व त्यातून आलं. कितीतरी शिखर परिषदांपेक्षा या तीन निवाड्यांनी युरोपची बाजारपेठ जास्त घडवली. शिवाय निवाडे खुले आहेत, फुकट आहेत आणि अनेक भाषांत आहेत. मदतनीस नसलेल्या, पण चिकाटी असलेल्या एकट्या संशोधकाला यापेक्षा चांगली खाण मिळणार नाही.

हीच पद्धत घेऊन आफ्रिकेच्या दक्षिणेत जा. तिथल्या देशांच्या विकास समुदायाचं (SADC) न्यायाधिकरण नामिबियातल्या विंडहोकला होतं. २००८ मध्ये त्याने शेतजमिनी ताब्यात घेण्याच्या प्रकरणात झिम्बाब्वे सरकारच्या विरोधात निकाल दिला. झिम्बाब्वेने तो मानला नाही, आणि २०१० मध्ये सदस्य देशांच्या प्रमुखांनी सरकारला समज देण्याऐवजी न्यायाधिकरणच थांबवलं. पुढे २०१४ च्या नव्या मसुद्यात व्यक्तींना दाद मागण्याची वाटच ठेवली नाही. वाद फक्त देशादेशांमधले. आग्नेय आशियात आसियान या देशगटाच्या वादनिवारण यंत्रणेकडे देश फारसे फिरकत नाहीत, बोलून मिटवतात. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज देशांचं क्विटोमधलं न्यायालय युरोपच्या नमुन्यावर बांधलेलं आहे आणि कामातही आहे, पण त्याच्यापुढची बहुतेक प्रकरणं ट्रेडमार्क आणि पेटंटची. अशा ठिकाणी नुसते करार वाचून लिहिलेला अहवाल हा कागदाचा अहवाल होतो. इथला खरा प्रश्न, यंत्रणा आहे तर ती वापरत का नाहीत, हा राजकारणाचा आहे.

अर्थशास्त्राची बाजू वेगळी. सगळे प्रदेश एकाच मापाने मोजता येणं हे त्याचं मोठं बळ. १९५० मध्ये अर्थशास्त्रज्ञ जेकब वायनर यांनी मांडलेला भेद अजून कामी येतो: करारामुळे महाग देशी मालाऐवजी स्वस्त शेजारी माल आला तर फायदा, पण जगातल्या स्वस्त पुरवठादाराला सोडून केवळ शुल्कमाफीमुळे महागड्या शेजाऱ्याकडून खरेदी झाली तर तोटा. ऐकायला सोपं, मोजायला अवघड. करार नसता तर व्यापार किती झाला असता, हे कुणालाच दिसत नाही. त्यात आधीपासून भरपूर व्यापार करणारे देशच बहुधा करार करतात, मग श्रेय कराराला द्यायचं की आधीच्या जवळिकीला? आकडेही एकमेकांशी जुळत नाहीत. एका देशाने नोंदवलेली निर्यात आणि शेजाऱ्याने नोंदवलेली आयात यांत फरक असतोच, आणि सीमेवरचा अनौपचारिक व्यापार तर कुठल्याच वहीत नसतो.

नवख्यांचा आवडता आकडा म्हणजे आपसातल्या व्यापाराचा वाटा: युरोपीय संघात सुमारे ६० टक्के, आसियानमध्ये पाचव्या भागापेक्षा थोडा जास्त, सार्कमध्ये ५ टक्क्यांच्या आसपास. यावरून यशापयश ठरवण्याचा मोह आवरा. आसियानचे कारखाने चीन, जपान, अमेरिका यांच्या साखळ्यांत गुंतलेले आहेत, म्हणून तिथे वाटा कमी दिसतो. ते अपयश नव्हे. आणि जिथे सर्वांसाठीचंच शुल्क कमी असतं, तिथे व्यापारी कराराच्या सवलतीसाठी मूळ देशाचा (माल कुठे बनला याचा) दाखला काढण्याच्या भानगडीत पडत नाहीत. करार वापरला जातो का, हे वाट्याच्या आकड्यातून कळत नाही. संख्याशास्त्राची बैठक पक्की नसेल तर ही शाखा मुख्य म्हणून घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन.

राजकारणाचं थोडक्यात. १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या फ्रान्सने युरोपीय समुदायाच्या मंत्रिपरिषदेच्या बैठकांवर बहिष्कार टाकला. जानेवारी १९६६ मध्ये लक्झेंबर्गला तोडगा निघाला: एखाद्या देशाचं फार मोठं हित गुंतलं असेल तर एकमत होईपर्यंत बोलत राहायचं. हा करार नव्हता, त्याला कायद्याचं बळ नव्हतं, तरी त्याने बहुमताने निर्णय घेण्याची रीत दीर्घकाळ जखडून ठेवली. करारांची कलमं वाचणाऱ्याच्या हाती हे लागत नाही. मात्र इथे माणसं गाठावी लागतात आणि अधिकारी आपली बाजू उजळ करूनच सांगतात. युरोपीय संस्थांची जुनी कागदपत्रं साधारण ३० वर्षांनी फ्लॉरेन्सच्या अभिलेखागारात खुली होतात, म्हणजे ताज्या विषयाला त्यांचा उपयोग नाही. आणखी एक सावधगिरी: या शाखेतले बरेच सिद्धांत युरोप बघूनच रचलेले आहेत. ते इतरत्र लावले की प्रत्येक प्रदेश 'अपुरा युरोप' दिसू लागतो.

तेव्हा युरोप घेणार असाल आणि वेळ कमी असेल, तर कायदा. आसियान, सार्क, दक्षिण अमेरिकेतला मर्कोसूर गट यांसाठी राजकारण मुख्य ठेवा आणि आकड्यांची जोड द्या. अनेक प्रदेशांची तुलनाच करायची असेल तर अर्थशास्त्राला पर्याय नाही.

अजूनही ठरत नसेल तर केनिया, युगांडा, टांझानिया वगैरे देशांचा पूर्व आफ्रिकी समुदाय बघा. पहिला समुदाय १९७७ मध्ये मोडला, दुसरा २००० पासून चालू आहे. २००५ मध्ये सीमाशुल्क संघ सुरू झाला, बाहेरच्या मालावर ०, १० आणि २५ टक्क्यांचं सामाईक शुल्क ठरलं, २०२२ मध्ये ३५ टक्क्यांचा चौथा टप्पा आला. कायद्याने शुल्क सामाईक. पण सदस्य देश दरवर्षी ठरावीक मालापुरती त्यातून तात्पुरती सूट घेतात आणि ती राजपत्रात छापून येते. कोणत्या मालावर, कोणत्या देशाने, किती वेळा सूट घेतली याची यादी आधी करा. ती बघून पहिला प्रश्न 'हे नियमात बसतं का?' असा पडला, 'याची किंमत कोण मोजतं?' असा पडला, की 'ही सूट कुणी मागून घेतली?' असा, त्यावर शाखा ठरवा.