पानं मोजून घ्यायची होती म्हणे! (सहा महिन्यांनी बदललेला रिव्ह्यू)

रिन चुपेकोची भुताची कादंबरी 'द गर्ल फ्रॉम द वेल' (2014 ची), ते पुस्तक जूनमध्ये सेकंडहँड घेतलं, 180 रुपये आणि वर कुरिअरचे 60. तेव्हा तीन स्टार देऊन मोकळी झाले होते. आता परत लिहितेय कारण भाचीने मागितलं म्हणून काढलं तर मधलं एक पानच नाही, कुणीतरी ब्लेडने कापलेलं दिसतंय. जूनमध्ये वाचताना कळलं कसं नाही विचाराल तर ह्या पुस्तकात वाक्यं मुद्दाम मधेच तोडलीयत, मला वाटलं ही पण स्टाइलच असेल!

विक्रेत्याला फोन केला. "मॅडम, रिटर्न सात दिवसांत होतं, पानं तेव्हाच मोजून घ्यायची ना."

मोजून! ओकिकूच्या पुस्तकाबद्दल हे बोलतोय हा माणूस. आओयामाच्या घरातल्या दहा बशांतली एक गेली म्हणून जिला मारून विहिरीत टाकलं आणि जी रोज रात्री नऊपर्यंत मोजून किंचाळते, ती जपानी दंतकथेतली ओकिकू, तीच ह्या पुस्तकातलं भूत. जपानमधल्या हिमेजीच्या किल्ल्यात तिची विहीर म्हणून आजही दाखवतात. राकुगोवाल्यांनी (तिकडचे बसून विनोदी गोष्टी सांगणारे) तर तिची फिरकी घेतलीय, त्यांच्या गोष्टीत ती एका रात्रीत अठरापर्यंत मोजते कारण उद्या तिला सुट्टी हवीय 😄

असो, पुस्तक. माझी जूनमधली तक्रार होती की गोष्ट भूतच सांगतंय, त्यात ती पोरांना मारणाऱ्यांनाच संपवते, मग आपण तिच्याच बाजूने होतो आणि भीती वाटायची कुणाची? तो टॅटूवाला पोरगा टार्क, त्याच्या अंगातलं ते प्रकरण, अमेरिकेतला भाग, सगळं जरा रेंगाळतं. हे अजूनही म्हणेन. पण नऊचं प्रकरण मला तेव्हा फालतू वाटलं होतं ते शब्द मागे घेते. ती दिसेल ते मोजत असते आणि नऊ आले की बिथरते, बास एवढंच, पण ते डोक्यातून जात नाही हो. आता माझ्या डब्यात नऊ पोळ्या झाल्या की मी दहावी लाटते, आणि ती उरते, आणि सकाळी मलाच फोडणीची पोळी करून खावी लागते. सहा महिने! एवढं चिकटलेलं भूत म्हणजे चुपेकोने काम चोख केलंय.

भाची सोळाची आहे म्हणून दिलं, सातवी-आठवीतल्या पोरांना नका देऊ, खून बरेच आहेत आणि आडपडदा नाही.

म्हणून तीनचे चार. स्टार पुस्तकाचे आहेत, विक्रेत्याला एकही नाही. बरीच वादावादी झाल्यावर 50 रुपये परत टाकतो म्हणाला, त्याला आता आठ दिवस झाले. रोज रात्री झोपायच्या आधी अकाउंट उघडून मोजते.