किनाऱ्यावरचा आगीचा बंब बदलायचा तर मोठा घ्यावा की छोटा?

मुंबईचे किनारे: वर्सोवा, मढ, गोराई, मनोरी. इथल्या वाळूसाठी बंब बदलायचा झाला, तर पाण्याआधी वजनाचा विचार करावा लागतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ४,५०० लिटरचा बंब नुसतं पाणीच साडेचार टन वाहतो. कोरड्या वाळूत त्याची मागची जोडचाकं रुततात. चारही चाकांना ताकद देणारा घेतला, तरी कोळीवाड्याच्या गल्लीत तो शिरणार कसा?

दुसरा पर्याय ५०० लिटरची फोर-बाय-फोर पिकअप. रुंद टायर, वाळूत उतरण्याआधी थोडी काढलेली हवा, आणि उच्च दाबाने बारीक तुषार मारणारा पंप, म्हणजे थोडं पाणी जास्त वेळ पुरतं. होडीतल्या डिझेलसाठी सोबत फोम हवाच. पण घरांची रांगच पेटली, तर ही टाकी काही मिनिटांत रिकामी होईल.

तरीही मी छोटीच निवडेन. मोठा बंब डांबरी रस्त्यावर थांबून तिला होजने पाणी देऊ शकतो. खारी हवा दोन्ही गाड्यांचा पत्रा खाते, तेव्हा गोड्या पाण्याने धुणं दोघींनाही चुकत नाही. आणि गोराई-मनोरीची गाडी तिथेच मुक्कामी हवी. बाकीच्या मुंबईतून रस्त्याने यायचं तर भाईंदरचा वळसा पडतो.