बेसची तारीख वीस वर्षं मागे गेली तेव्हा: आठ महिने ‘टेक’ वापरल्यानंतर

१५ मार्च २०२४, शुक्रवार. कालव्याच्या कामावर दिवसभर स्टॅटिक मोजणी केली (जीपीएस रिसीव्हर जागेवर स्थिर ठेवून), संध्याकाळी बेस (ठाऊक बिंदूवरचा रिसीव्हर) आणि रोव्हर (नव्या बिंदूवरचा) यांच्या फायली संगणकात घेतल्या, तर प्रोसेसिंगवालं सॉफ्टवेअर म्हणे, दोघांत सामाईक वेळच नाही. बेसची फाइल उघडली. तारीख ३० जुलै २००४. आणि तोही शुक्रवार! त्या वारामुळेच डोक्यात प्रकाश पडला.

जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक दहाच बिटांचा असतो, म्हणजे १०२३ नंतर पुन्हा शून्य. मोजणी ६ जानेवारी १९८० पासूनची. ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये ती शून्यावर आली, पुढची पाळी नोव्हेंबर २०३८ ची. १०२४ आठवडे म्हणजे बरोबर ७१६८ दिवस, म्हणून वार तोच राहतो. काही रिसीव्हर फर्मवेअरच्या (आतल्या सॉफ्टवेअरच्या) अंदाजावर ही वळणं निभावतात, पण त्या अंदाजाचीही मुदत कधीतरी संपते. माझा सेकंडहँड बेस २०१९ पार करून फेब्रुवारीपर्यंत नीट चालला आणि मार्चमध्ये घसरला. आठवड्याच्या आतले सेकंद बरोबर असल्यामुळे पडद्यावर स्थान अचूक दिसत होतं. साइटवर कोणाला शंका येणार?

टेक (teqc) हे युनावको (२०२३ पासून अर्थस्कोप कन्सॉर्शियम) या अमेरिकी संस्थेचं फुकट मिळणारं जुनं साधन. खिडकी नाही, बटणं नाहीत, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची. कच्ची फाइल राइनेक्समध्ये (कुठल्याही प्रोसेसिंग सॉफ्टवेअरला चालणाऱ्या सामाईक स्वरूपात) बदलताना ‘वीक’ पर्यायापुढे १९८० पासून सलग मोजलेला आठवडा द्यायचा, माझ्या बाबतीत २३०५. काही सेकंदांत तारीख जागेवर आली. मग ‘मेटा’ पर्यायाने सुरुवात आणि शेवट तपासायचा. ही सवय लावून घ्याच. मी ती मेपर्यंत लावली नव्हती, त्याचं फळ मिळालं.

१९ मे, रविवार. ऊन चढायच्या आत संपवायचं म्हणून पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी बेस लावला. कॅलेंडर पाहून नवा आठवडा २३१५ दिला आणि सगळी फाइल सात दिवस पुढे गेली. जीपीएसचा आठवडा शनिवारच्या मध्यरात्री बदलतो खरा, पण ती मध्यरात्र ग्रिनिचची. आपल्याकडे तेव्हा रविवारचे पहाटेचे साडेपाच झालेले असतात (लीप सेकंदांमुळे १८ सेकंद आधी, पण ते सोडा). म्हणजे माझी सुरुवात अजून २३१४ मधलीच होती. सुरुवातीचा आठवडा दिला की साडेपाचचं वळण टेक स्वतः सांभाळतं.

आता तक्रारी. टेकवरचं काम २०१९ मध्ये थांबलं. राइनेक्स ३ ही नवी आवृत्ती त्याला कळत नाही, त्यामुळे नव्या रिसीव्हरच्या फायलींसाठी मी आरटीकेलिब हे दुसरं फुकट सॉफ्टवेअर वापरतो. दुसरं, हा उपाय कच्च्या फाइलवरच. एका सहकाऱ्याने कच्ची फाइल पुसून फक्त चुकलेली राइनेक्स पाठवली, तेव्हा प्रत्येक नोंदीच्या तारखेत ७१६८ दिवस मिळवणारी छोटी स्क्रिप्ट लिहावी लागली. त्याची नेव्हिगेशन फाइल (उपग्रहांच्या कक्षांची माहिती असलेली) मात्र दुरुस्त करत बसलो नाही. तिच्यात तारखेखेरीज आठवड्याचा आकडाही वेगळा असतो, एक बदलून दुसरा राहिला की घोळ. आयजीएस या आंतरराष्ट्रीय सेवेची त्या दिवसाची तयार फाइल उतरवली, काम झालं.

बेस आणि रोव्हर दोन्ही जुने असतील तर जास्त सांभाळा. दोघेही २००४ मध्ये गेले की सामाईक वेळ जुळते आणि कसलीही ओरड न होता बेसलाइन (बेसपासून रोव्हरपर्यंतचं अंतर आणि दिशा) सुटते. पुढे कोणी त्या तारखेवरून भूपट्टाची हालचाल धरून निर्देशांक बदलले, तर भारतीय भूपट्ट वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर सरकतो हे लक्षात घ्या. वीस वर्षांचा जवळजवळ एक मीटर होतो.

बेस विकून टाका असं दोघांनी सुचवलं. पण अँटेना चांगली आहे, बॅटरी दिवसभर पुरते. पेटीच्या झाकणाला आतून आठवड्यांचा तक्ता चिकटवलाय, आणि रविवारच्या रकान्यावर लाल पेनाने ‘५:३०’ लिहिलंय.