१६०३ च्या मागे काय दडलंय? इन्स्टॉलेशनचा लॉग आणि प्रोसेस मॉनिटर: काही महिने वापरल्यानंतर

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एखादं सॉफ्टवेअर बसेना, की सगळीकडे एकच क्रम चालतो. सेटअप पुन्हा चालवा, रीस्टार्ट करा, ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करा, अँटिव्हायरस बंद करून बघा, आणि तरी नाहीच झालं तर विंडोज नव्याने टाका. यातलं काही ना काही कधीतरी लागू पडतं, म्हणून हा क्रम टिकून आहे. पण नक्की कशामुळे झालं हे कळत नाही. त्यामुळे शेजारच्या टेबलावर तीच अडचण आली की सगळं पहिल्यापासून.

माझं मूळ काम हिशेबाचं. कॉम्प्युटरचं काम “तुम्हाला जमतं ना, मग बघा जरा” म्हणत अंगावर आलेलं. गेले काही महिने मी वरचा क्रम बाजूला ठेवून दोन गोष्टींवर भिस्त ठेवली आहे: विंडोज इन्स्टॉलरचा (विंडोजमध्ये सॉफ्टवेअर बसवणाऱ्या यंत्रणेचा) सविस्तर लॉग, म्हणजे इन्स्टॉलेशनची टप्प्याटप्प्याने लिहिलेली नोंद, आणि मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या साधनसंचातलं प्रोसेस मॉनिटर, म्हणजे प्रोग्राम काय करतात ते टिपणारं साधन. दोन्ही फुकट. पहिली तर विंडोजमध्ये आधीपासूनच आहे, तिच्याकडे कुणी फिरकत नाही इतकंच. माझं मत आधीच सांगतो: दोघांतून एकच शिकायचं असेल तर लॉग शिका. प्रोसेस मॉनिटर जास्त ताकदवान आहे, पण त्याची गरज त्या मानाने क्वचित पडते.

सेटअप फसल्यावर खिडकीत येणारा १६०३ हा आकडा पाहिला नाही असा माणूस या कामात सापडणार नाही. ‘इन्स्टॉलेशनदरम्यान गंभीर त्रुटी’ एवढाच त्याचा अर्थ. कुठली त्रुटी, ते तो सांगत नाही. आत कुठेतरी काहीतरी फसलं, इन्स्टॉलरने हात टेकले आणि वर हा आकडा लावला. म्हणून नेटवर १६०३ शोधलं की शंभर उपाय मिळतात आणि त्यातले नव्याण्णव दुसऱ्याच कुणाच्या अडचणीचे असतात.

लॉग काढणं सोपं आहे. एमएसआय फाइल (विंडोज इन्स्टॉलरसाठी बनवलेलं सेटअप) असेल तर अ‍ॅडमिनच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एमएसआयएक्झेक (विंडोज इन्स्टॉलर चालवणारी कमांड), मग /आय आणि फाइलचं नाव, मग /एल*व्ही आणि लॉग कुठे हवा तो पत्ता. सेटअप नेहमीसारखंच चालतं, फक्त मागे एक भलीमोठी टेक्स्ट फाइल राहते. ती पहिल्यांदा उघडल्यावर घाबरायला होतं. हजारो ओळी, आणि त्यातल्या बहुतेक आपल्या कामाच्या नाहीत. मात्र ती वरून खाली वाचायचीच नसते. नोटपॅडमध्ये ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ हे शब्द इंग्रजीत शोधायचे. प्रत्येक टप्पा संपला की लॉगमध्ये त्याचा निकाल येतो: १ म्हणजे झालं, २ म्हणजे वापरणाऱ्याने रद्द केलं, ३ म्हणजे फसलं. शोध सुरुवातीपासून करायचा आणि पहिल्या ३ पाशी थांबायचं. त्याच्या लगेच वरच्या दहावीस ओळींत खरं कारण असतं. पुढे आणखी ३ दिसतात, पण ते बहुधा त्याच अपयशाचे बाहेरच्या टप्प्यांत उमटलेले पडसाद. फाइलच्या शेवटाकडून वाचायला घेतलं, तर आधी केलेलं सगळं परत काढून टाकण्याच्या, म्हणजे रोलबॅकच्या ओळींतच माणूस हरवतो.

एक उदाहरण देतो. एका जुन्या प्रोग्रामची नवी आवृत्ती एका मशीनवर काही केल्या बसेना, बाकी सगळ्या मशीनवर बसली. खिडकीत १६०३. लॉगमध्ये पहिल्या ३ च्या वर १३१० होता, म्हणजे अमुक फाइल लिहिता येत नाही, आणि पुढे त्या फाइलचा पूर्ण पत्ता. आधीच्या आवृत्तीचं एक फोल्डर मागे राहिलं होतं. त्याच्या सिक्युरिटी टॅबमध्ये पाहिलं, तर ‘सिस्टिम’ या खात्याला परवानगीच नव्हती. कधीतरी कुणीतरी फोल्डर ‘सुरक्षित’ करून ठेवलेलं दिसत होतं. विंडोज इन्स्टॉलरची सर्व्हिस याच खात्याखाली चालते, तेव्हा लॉगिन केलेला माणूस कितीही मोठा अ‍ॅडमिन असला तरी उपयोग शून्य. परवानगी दिली, सेटअप चालवलं, काम झालं. अँटिव्हायरसचा संबंध नव्हता, विंडोज बिघडलं नव्हतं, आणि मशीन फॉरमॅट करायचा निर्णय मात्र जवळपास झाला होता.

काही आकड्यांना लॉगचीही गरज नाही. १६१८ म्हणजे दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे. बरेचदा मागे कुठलं तरी अपडेट चाललेलं असतं. चहा घेऊन या आणि पुन्हा चालवा. टास्क मॅनेजरमध्ये एमएसआयएक्झेक दिसला म्हणून लगेच तो मारायला जाऊ नका. काम संपल्यावरही ती सर्व्हिस सुमारे दहा मिनिटं नुसती बसून असते. १६२५ म्हणजे धोरणाने मनाई केली आहे. तिथे खटपट करण्यात अर्थ नाही, ज्याच्या हातात ग्रुप पॉलिसी (ऑफिसच्या मशीनवर काय चालेल ते ठरवणारे नियम) आहे त्याला फोन करा. १६३८ म्हणजे दुसरी आवृत्ती आधीपासून आहे. आणि ३०१० तर चूकच नाही: सॉफ्टवेअर बसलं, रीस्टार्ट बाकी आहे. शून्य सोडून काहीही आलं की ‘अयशस्वी’ असा शेरा मारणाऱ्या स्क्रिप्ट मी पाहिल्या आहेत. त्यांच्यामुळे व्यवस्थित बसलेलं सॉफ्टवेअर लोक काढून पुन्हा बसवतात.

ऑफिसच्या मशीनवर दोन भानगडी अशा होतात, ज्या घरच्या कॉम्प्युटरवर सहसा भेटत नाहीत. पहिली: लॉगिन साध्या कर्मचाऱ्याचं, आणि सेटअपने विचारलं म्हणून पासवर्ड टाकला दुसऱ्याच अ‍ॅडमिन खात्याचा. त्या क्षणापासून सेटअप त्या अ‍ॅडमिनच्या नावाने चालतं. सॉफ्टवेअर ‘फक्त या युजरसाठी’ बसणारं असेल तर ते अ‍ॅडमिनच्या प्रोफाइलमध्ये जाऊन बसतं. सेटअप म्हणतं यशस्वी, कर्मचारी म्हणतो काहीच दिसत नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात. दुसरी: सेटअप झेड ड्राइव्हवर, म्हणजे नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये ठेवलेलं. अ‍ॅडमिन म्हणून चालणाऱ्या प्रोग्रामला साध्या लॉगिनमध्ये जोडलेला ड्राइव्ह एरवी दिसतच नाही, त्यामुळे समोर दिसणारी फाइल ‘सापडत नाही’ असा संदेश येतो. आता मी सेटअप आधी सी ड्राइव्हवर कॉपी करतो, मगच हात लावतो. ही एक सवय लागल्यापासून माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी डोळ्यांत भरण्याइतक्या कमी झाल्या.

लॉगची मर्यादा ईएक्सई सेटअपपाशी, म्हणजे थेट चालणाऱ्या प्रोग्रामच्या रूपातल्या सेटअपपाशी येते. काही ईएक्सईंच्या पोटात एमएसआयच असते आणि टेम्प (तात्पुरत्या फाइलींच्या) फोल्डरमध्ये तारखेनुसार लावून पाहिलं तर लॉग आपोआप पडलेला मिळतो. इनो सेटअप या सेटअप बनवायच्या साधनाने बनवलेली असेल तर /लॉग जोडलं की काम भागतं. पण एनएसआयएस या तशाच दुसऱ्या साधनाने बनवलेल्या बऱ्याच सेटअप काहीच मागे ठेवत नाहीत. प्रोसेस मॉनिटरची पाळी येते ती इथे.

फाइलमॉन आणि रेगमॉन या दोन जुन्या साधनांच्या जागी २००६ मध्ये हे एकच साधन आलं. कुठल्या प्रोग्रामने कुठली फाइल, कुठली रजिस्ट्री की (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातली नोंद) उघडायचा प्रयत्न केला आणि काय उत्तर मिळालं, हे सगळं ते टिपतं. सगळं म्हणजे खरोखर सगळं. काही मिनिटांत लाखो नोंदी होतात आणि मशीन रडायला लागतं. म्हणून आधी फिल्टर लावायचा, मेनूतून ‘ड्रॉप फिल्टर्ड इव्हेंट्स’ चालू करायचं, सेटअप फसायच्या जरा आधी नोंद सुरू करायची आणि फसल्याबरोबर कंट्रोल-ई दाबून थांबवायची. मग टूल्समधल्या ‘काउंट ऑकरन्सेस’मध्ये रिझल्ट हा रकाना निवडला की कुठलं उत्तर किती वेळा आलं ते समोर येतं. ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ (परवानगी नाकारली) आणि ‘शेअरिंग व्हायोलेशन’ (फाइल दुसऱ्या प्रोग्रामच्या ताब्यात) आधी पाहायचे. ‘नेम नॉट फाउंड’ (या नावाचं काही सापडलं नाही) हजारोंनी दिसतील, त्यांना भिऊ नका. प्रोग्राम चार ठिकाणी शोधून पाचव्या ठिकाणी फाइल मिळवतात, ते त्यांचं नेहमीचंच वागणं. हे ओळखायला नजर बसावी लागते आणि मला त्याला बराच काळ लागला. नवख्या माणसाच्या हातात हे साधन थेट देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मायक्रोसॉफ्टचा इन्स्टॉल-अनइन्स्टॉल ट्रबलशूटरही मी मधूनमधून वापरला. त्याचा उपयोग एकाच प्रसंगी: जुनी आवृत्ती निघत नाही आणि नवी म्हणते आधी जुनी काढा. बरेचदा असं होण्याचं कारण म्हणजे डिस्कवर जागा करण्यासाठी कुणीतरी विंडोजमधलं ‘इन्स्टॉलर’ हे लपलेलं फोल्डर साफ केलेलं असतं. प्रोग्राम काढायला आणि दुरुस्त करायला लागणाऱ्या एमएसआय फाइली तिथेच असतात, तेव्हा त्या फोल्डरला कधीही हात लावू नका. ट्रबलशूटर रजिस्ट्रीतल्या अडकलेल्या नोंदी काढतो, प्रोग्रामच्या फाइली मागे राहू शकतात. बाकी अडचणींवर त्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘समस्या सापडली नाही’ हेच असतं. याच कामाची जुनी क्लीनअप युटिलिटी २०१० मध्ये बंद झाली, कारण ती इतर प्रोग्रामचे भागही बिघडवायची. अजूनही कुठल्याकुठल्या साइटवर ती मिळते. घेऊ नका.

लॉगबद्दल एक गंभीर सावधगिरी. सविस्तर लॉगमध्ये सेटअपला भरून दिलेली माहिती जशीच्या तशी उतरू शकते. डेटाबेसचा पासवर्ड किंवा लायसन्स की सेटअप बनवणाऱ्याने लपवली नसेल तर ती तिथे उघडी वाचता येते. कंपनीच्या सपोर्टला लॉग पाठवण्याआधी ‘पासवर्ड’ हा शब्द इंग्रजीत शोधून बघाच. रजिस्ट्रीत धोरण टाकून प्रत्येक इन्स्टॉलेशनचा लॉग आपोआप घेता येतो, मीही काही दिवस तसं ठेवलं. टेम्प फोल्डर फुगतं, इन्स्टॉलेशन रेंगाळतात. गरजेपुरतं चालू करून बंद केलेलं बरं.

हे सगळं एमएसआय आणि जुन्या धाटणीच्या सेटअपसाठी झालं. स्टोअरमधून किंवा एमएसआयएक्स या नव्या धाटणीच्या पॅकेजमधून येणारी सॉफ्टवेअर वेगळ्याच वाटेने बसतात. त्यांच्या बाबतीत /एल*व्ही काही कामाचं नाही. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या साधनात ‘अ‍ॅपएक्स डिप्लॉयमेंट सर्व्हर’ खाली जाऊन नोंदी वाचाव्या लागतात. आमच्याकडे अशी सॉफ्टवेअर आता हळूहळू वाढायला लागली आहेत, त्यामुळे सध्या माझा अभ्यास तिकडे चालू आहे.