चार चाकांची केबिन बॅग, सात महिन्यांनंतर: प्रागच्या दगडांवर चाक तुटलं

दिवाळीच्या सेलमध्ये 4,500 रुपयांना घेतलेली 20 इंची, कडक कवचाची बॅग. मापं, वजन, कुलूप सगळं विक्रीच्या पानावर आहे, त्यात वेळ घालवत नाही. मला चाकांबद्दल लिहायचंय.

जानेवारीत मी आणि बायको व्हिएन्ना आणि प्राग करून आलो, प्रत्येकी तीन रात्री. जानेवारी मुद्दाम निवडला, कारण नाताळचे बाजार उठले की हॉटेलं स्वस्त होतात. व्हिएन्नाला उतरायचं आणि प्रागहूनच परतायचं, म्हणजे उलट फिरायचा खर्च आणि एक दिवस वाचतो. मधे थेट रेल्वे आहे, ब्रनोमार्गे साधारण चार तास. हमाल नाही, बॅग आपणच चढवायची, म्हणून एका माणसाला एकच बॅग असं ठरवलं. जाड जाकीट आणि बूट अंगावर, आत थर्मलचे दोन जोड, एक लोकरी स्वेटर, मेतकूट आणि खाकरे. जेमतेम आठ किलो. अख्खा बेत या बॅगेच्या भरवशावर आखला होता, म्हणून तिच्यावरचा राग अजून उतरलेला नाही.

व्हिएन्नात विमानतळ ते खोली बॅग एका बोटाने ढकलत नेली. तेव्हा मी खूश होतो. पण बर्फावर पाय घसरू नये म्हणून तिथे पदपथांवर बारीक कच टाकतात. स्टेशनला जाताना तो कच चाकांच्या फटींत जाऊन बसला आणि करकर सुरू झाली. मी दुर्लक्ष केलं, ही माझी चूक.

प्रागमध्ये पदपथ छोट्या चौकोनी दगडांचे आणि जुन्या गल्ल्या मोठ्या, गोलसर दगडांच्या. त्या दगडांना चेक लोक ‘मांजराची डोकी’ म्हणतात. आमचं हॉटेल किल्ल्याकडे चढणाऱ्या नेरुदोवा रस्त्याच्या बाजूला होतं. चढावर म्हणून स्वस्त. ट्राममधून उतरून पाच मिनिटं चाललो असू, तेवढ्यात मागचं डावं चाक खटकन तुटून दगडांच्या फटीत अडकलं. उणे चार तापमानात आठ किलो हातात घेऊन उरलेला चढ चढलो. बायकोकडे 2012 सालची दोन चाकांची बॅग होती, मोठ्या रबरी चाकांची. ती त्याच रस्त्याने निमूट वर आली.

सहल मात्र छान झाली. थंडीत तिथे साडेचारच्या सुमारास अंधारतं आणि प्रागच्या किल्ल्यातल्या इमारती चार वाजताच बंद होतात, म्हणून किल्ला सकाळी ठेवला. व्हिएन्नाचं कलासंग्रहालय गुरुवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, तिथे अंधारातली संध्याकाळ सार्थकी लागली. ब्रूगेलचं 1565 सालचं बर्फातल्या शिकाऱ्यांचं चित्र मी अर्धा तास बघत बसलो. प्रागच्या चार्ल्स पुलाचं काम 1357 मध्ये सुरू झालं. त्यावरचे तीस पुतळे गर्दीविना बघायचे तर पहाटे जावं लागतं, आणि जानेवारीत सूर्यच आठच्या जरा आधी उगवतो. झोप न मोडता सूर्योदयाला मोकळा पूल मिळाला.

फेब्रुवारीत बॅग घेऊन कंपनीच्या सेवा केंद्रात गेलो. वॉरंटी पाच वर्षांची, पण चाकांची झीज त्यात धरत नाहीत, असं उत्तर मिळालं. एका प्रवासात चाक तुटणं ही झीज कशी? तीन फेऱ्या मारल्यावर सांगितलं की या मॉडेलची चाकं शिल्लकच नाहीत. त्या दिवशी मी एक स्टार देणार होतो.

मग ठाणे स्टेशनजवळ बॅगा दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी चाक सोडवून दाखवलं: व्यास पाच सेंटीमीटरसुद्धा नाही, सगळं प्लॅस्टिक. एवढं लहान चाक दगडांच्या फटीत पूर्ण उतरतं, आणि गोल फिरणारा त्याचा दांडा प्रत्येक धक्क्याला आडवा पिळतो. दोन चाकांच्या बॅगेत चाकं मोठी आणि कवचात पक्की बसवलेली असतात, तिथे पीळ पडत नाही. काकांनी रिव्हेट काढून स्क्रूवर रबरी चाकं बसवली, चारही मिळून 600 रुपये. पुढच्या वेळी मी घरीच बदलेन.

त्यानंतर नागपूर, सांगली, दोनदा पुणे झालं. कवचाला चरा नाही, चेन लोण्यासारखी सरकते, वर ओढायचं हँडलही घट्ट आहे. म्हणून मत बदलतोय: बॅगेला तीन स्टार, सेवेला शून्य. जुन्या शहरात चढावरचं हॉटेल घेऊन ही बॅग नेणं हा निर्णय माझाही चुकलाच. तिथे ट्राम थांब्याला लागून सपाटीवर खोली बघा, रात्रीला पाचशे रुपये जास्त गेले तरी.

दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर सगळ्याच बॅगा पळतात. आत थोडं वजन टाकून बाहेरच्या पेव्हर ब्लॉकवर वीस पावलं ओढून बघू द्या म्हणावं. नाही म्हणाले तर तिथून घेऊ नका.